मोंटाना की यंग? फोर्टी-नाइनर्सच्या सर्वश्रेष्ठ क्वार्टरबॅकचा वाद समजून घेताना

फेब्रुवारी २०२६ मध्ये साठावा सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा वार्षिक अंतिम सामना, कॅलिफोर्नियातल्या सांता क्लाराच्या लीव्हाइज स्टेडियमवर झाला. सॅन फ्रान्सिस्को फोर्टी-नाइनर्सचं हे घरचं मैदान. सनीवेल, फ्रीमाँट, सॅन होजे या भागात मराठी घरं इतकी आहेत की मुलांकडे सहा महिन्यांसाठी गेलेल्या आईवडिलांच्याही कानावर या खेळाची चर्चा पडतेच. रविवारी लाल-सोनेरी जर्सी घालून सगळे टीव्हीपुढे बसतात. समोर खेळत असतो संघाचा आत्ताचा क्वार्टरबॅक ब्रॉक पर्डी, पण बोलणं येऊन ठेपतं जो मोंटाना आणि स्टीव्ह यंग यांच्यावर. एक १९९५ मध्ये निवृत्त झाला, दुसरा २००० मध्ये. तरीही संघाच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्वार्टरबॅक कोण, यावर लोक आजही हिरिरीनं भांडतात.

खेळ माहीत नसलेल्याला हे भांडण पोरकट वाटेल. मला ते फार मोलाचं वाटतं. दोन थोर खेळाडूंची तुलना करायला इतकी चांगली परिस्थिती क्रीडाजगतात क्वचितच जुळून येते: संघ तोच, मैदान तेच, डावपेच तेच, सहकारीही बरेचसे तेच. म्हणून अगदी पायापासून सुरुवात करू. माझा कौल कोणाला, तेही शेवटी सांगतो.

क्वार्टरबॅक करतो तरी काय?

मैदान शंभर यार्डांचं, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा खेळाडू. ज्या संघाकडे चेंडू असतो त्याला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा नवे चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्या संघाकडे. असं सरकत सरकत मैदानाच्या टोकाच्या पट्ट्यात चेंडू पोचवला की टचडाउन. त्याचे सहा गुण.

जवळपास प्रत्येक प्रयत्न एकाच माणसाच्या हातून सुरू होतो, तो क्वार्टरबॅक. चेंडू हातात आल्यावर त्याला साधारण तीन सेकंद मिळतात. सव्वाशे-दीडशे किलोचे बचावपटू त्याला पाडायला अंगावर येत असतात आणि तेवढ्यात त्याला ठरवायचं असतं की चेंडू शेजारच्या धावपटूच्या हातात द्यायचा, पुढे पळणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकायचा, की स्वतःच घेऊन पळायचं. फेकलेला चेंडू प्रतिस्पर्ध्यानं मधेच झेलला तर त्याला इंटरसेप्शन म्हणतात. क्वार्टरबॅकच्या हातून होणारी ही सर्वांत महागात पडणारी चूक.

आपल्या वादासाठी दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. संघ बचाव करत असतो तेव्हा क्वार्टरबॅक बाहेर बसलेला असतो, त्यामुळे सामन्याच्या निम्म्या भागावर त्याचा काहीच ताबा नसतो. आणि ही जागा एका वेळी एकालाच मिळते. १९८७ ते १९९२ अशी सहा वर्षं मोंटाना आणि यंग एकाच संघात होते. एक खेळायचा, दुसरा बाकावर बसून वाट पाहायचा. या वादातला कडवटपणा तिथूनच आला.

मोंटानाआधीचा संघ

फोर्टी-नाइनर्सची स्थापना १९४६ ची. १८४९ मध्ये सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला धावलेल्या लोकांवरून हे नाव पडलं. १९५० मध्ये संघ एनएफएल या मुख्य लीगमध्ये आला. वाय. ए. टिटल, जॉन ब्रॉडी असे नावाजलेले क्वार्टरबॅक या संघाला मिळाले. ब्रॉडी तर १९५७ पासून १९७३ पर्यंत इथेच खेळला आणि १९७० मध्ये लीगचा एमव्हीपी, म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, ठरला. पण विजेतेपद एकही नाही. १९७०, १९७१ आणि १९७२ अशा सलग तीन मोसमांत बाद फेरीत डॅलस काउबॉइजनीच घरी पाठवलं. पुढे संघ इतका घसरला की १९७८ आणि १९७९ या दोन्ही मोसमांत सोळापैकी फक्त दोन-दोन सामने जिंकता आले.

१९७९ मध्ये बिल वॉल्श प्रशिक्षक म्हणून आले. नव्या खेळाडूंच्या निवडप्रक्रियेत त्यांनी तिसऱ्या फेरीत, एकूण ८२ व्या क्रमांकावर, जो मोंटानाला घेतलं. ८१ वेळा बाकीच्यांनी, आणि स्वतः फोर्टी-नाइनर्सनीही, दुसरं कुणाचं तरी नाव पुकारलं होतं. मोंटानाचा हात फार ताकदवान नव्हता. वॉल्शना मात्र ताकदीपेक्षा अचूक वेळेची गरज होती. त्यांची पद्धत छोट्या, मोजूनमापून फेकलेल्या पासांची. पळणारा सहकारी वळायच्या आतच चेंडू हातातून सुटलेला असायचा. या पद्धतीला पुढे वेस्ट कोस्ट ऑफेन्स असं नाव मिळालं आणि सगळ्या लीगनं तिची नक्कल केली.

१० जानेवारी १९८२

मोंटानाची बाजू समजायची तर हा एक सामना बारकाईनं पाहायला हवा. स्थळ सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क, समोर तेच डॅलस, आणि जिंकणारा संघ सुपर बोलला जाणार. पाचपेक्षा कमी मिनिटं उरली असताना फोर्टी-नाइनर्स २१-२७ नं मागे होते. चेंडू स्वतःच्या ११ यार्डांवर, म्हणजे ८९ यार्ड कापायचे.

मोंटानानं ते थोडेथोडे करत कापले. शेवटी सहा यार्ड उरले, प्रयत्न तिसरा. तो उजवीकडे पळाला. तीन बचावपटू त्याच्यावर चालून आले, त्यात सहा फूट नऊ इंचांचा एड जोन्स. मागे सरकता सरकता मोंटानानं चेंडू फेकल्याचा आविर्भाव केला, जोन्सनं उडी घेतली, आणि मग मागच्या पायावर तोल असतानाच त्यानं खरा चेंडू फेकला, पट्ट्याच्या अगदी मागच्या रेषेवर, इतका उंच की तो जमिनीवर पडेल नाहीतर ड्वाइट क्लार्कच्या हातात येईल. क्लार्कनं झेपावून बोटांच्या टोकांनी तो पकडला. मोंटाना तोवर खाली पाडला गेला होता. त्यानं तो झेल पाहिलाच नाही, गर्दीच्या आरोळीवरून ओळखला. ५१ सेकंद शिल्लक होते. निकाल २८-२७.

दोन आठवड्यांनी संघानं सिनसिनाटी बेंगल्सना हरवून पहिला सुपर बोल जिंकला. मग १९८५, १९८९ आणि १९९० च्या जानेवारीत आणखी तीन. चारपैकी तीन सामन्यांत मोंटाना सामनावीर होता. या चार सुपर बोलमध्ये मिळून त्यानं १२२ पास फेकले. त्यांतले ११ टचडाउनला गेले आणि इंटरसेप्शन एकही नाही. वर्षातल्या सर्वांत दडपणाच्या सामन्यात, चार वेळा, एकही चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती लागू दिला नाही. कितीही वेळा वाचलं तरी मी या आकड्यापाशी थबकतो.

१९८९ च्या सामन्यातली गोष्ट सगळे सांगतात. तीन मिनिटं दहा सेकंद उरली होती, संघ तीन गुणांनी मागे, आणि ९२ यार्ड जायचं होतं. सगळे घोळक्यात ताणलेले उभे असताना मोंटानानं सहकारी हॅरिस बार्टनला प्रेक्षकांकडे बोट दाखवून विचारलं, तो जॉन कँडी का रे? विनोदी नट जॉन कँडी खरोखरच तिथे बसला होता. मग संघ ९२ यार्ड गेला आणि ३४ सेकंद शिल्लक असताना जॉन टेलरकडे पास जाऊन सामना जिंकला.

यंगचे आकडे आणि पासर रेटिंगचं गणित

यंगची बाजू समजायला पासर रेटिंग कळायला हवं. ही चार विषयांची गुणपत्रिका आहे असं समजा. किती टक्के पास झेलले गेले, एका पासमागे सरासरी किती यार्ड मिळाले, किती टक्के पास टचडाउनला गेले, आणि किती टक्के इंटरसेप्ट झाले. प्रत्येक विषयाला कमाल मर्यादा असते, आणि चारही विषयांत पैकीच्या पैकी मिळाले तर बेरीज १५८.३ येते. पळणं हा विषय मात्र या गुणपत्रिकेत नाहीच.

स्टीव्ह यंग १९९१ मध्ये नियमित खेळू लागला. तेव्हापासून १९९७ पर्यंतच्या सात मोसमांत सहा वेळा तो या गुणपत्रिकेत सगळ्या लीगमध्ये पहिला आला. १९९४ चं त्याचं ११२.८ हे रेटिंग त्या वेळी एनएफएलचा विक्रम होतं. आधीचा विक्रम कोणाचा? मोंटानाचा, १९८९ मधला, ११२.४. यंग निवृत्त झाला तेव्हा कारकिर्दीच्या सरासरीत, ९६.८ रेटिंगसह, तो लीगच्या इतिहासात सर्वांत वर होता. फोर्टी-नाइनर्ससाठी मोंटानाचे २४४ टचडाउन पास आणि १२३ इंटरसेप्शन, तर यंगचे २२१ आणि फक्त ८६. नियमित सामन्यांत मोंटाना १०० जिंकला, ३९ हरला. यंग ९१ जिंकला, ३३ हरला.

गुणपत्रिकेत न मोजलेल्या विषयात तर यंगला तोड नव्हती. कारकिर्दीत तो चार हजारांहून जास्त यार्ड पळाला आणि त्यातून ४३ टचडाउन केले. ऑक्टोबर १९८८ मध्ये मोंटाना जखमी असताना मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध तो उतरला. शेवटची काही मिनिटं, संघ मागे. पास फेकायला कुणी मोकळं दिसेना, म्हणून तो निसटला, एकेका बचावपटूला चुकवत ४९ यार्ड पळत गेला, शेवटच्या काही पावलांत पाय लटपटले, आणि तोल जाता जाता टोकाच्या पट्ट्यात कोसळला. सामना २४-२१ नं जिंकला. हे मोंटानाला जमलं नसतं, असं मोंटानाचे चाहतेही मान्य करतात.

जानेवारी १९९५ मध्ये यंगनं सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध सुपर बोलमध्ये सहा टचडाउन पास दिले. तो विक्रम झाला. बाजूच्या रेषेवर तो ओरडत होता की माझ्या पाठीवरचं हे माकड कुणीतरी काढा, आणि एका सहकाऱ्यानं ते ओढून काढल्याची खूण केली. पाठीवरचं माकड म्हणजे न उतरणारं ओझं, आणि ते मोंटानाशी होणाऱ्या तुलनेचं होतं, हे स्टेडियममधल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

चार विरुद्ध एक, मग वाद कसला?

हा पहिला आक्षेप. विजेतेपदं मोजून निकाल लावायचा तर लेख इथेच संपतो. पण विजेतेपद संघाचं असतं आणि निम्मा सामना क्वार्टरबॅक बाहेर बसून पाहतो. १९९२ आणि १९९३ च्या मोसमांत यंगचा संघ सुपर बोलच्या उंबरठ्यावर डॅलसकडून हरला. दोन्ही वेळा पुढे डॅलसच विजेता ठरला. त्या काळात डॅलस हाच लीगमधला सर्वांत भक्कम संघ होता.

शिवाय मोंटानाही दर वर्षी जिंकत नव्हता. १९८६ च्या मोसमातल्या बाद फेरीत न्यूयॉर्क जायंट्सनी फोर्टी-नाइनर्सना ४९-३ असं चिरडलं, आणि मोंटाना बेशुद्धावस्थेत बाहेर गेला. त्याच्या पुढच्या वर्षी व्हायकिंग्जविरुद्ध त्याचा खेळ इतका फसला की वॉल्शनी सामना सुरू असतानाच त्याला काढून यंगला उतरवलं. तो सामनाही संघ हरला. मोंटानाच्या भक्तांच्या आठवणीतून हे दिवस पुसले गेले आहेत.

जेरी राइसमुळे दोघंही मोठे झाले का?

जेरी राइस हा झेल घेणाऱ्यांमध्ये इतिहासातला सर्वोत्तम मानला जातो. तो १९८५ मध्ये संघात आला. म्हणजे मोंटानाची पहिली दोन विजेतेपदं राइसच्या आधीची. यंगचं एकमेव विजेतेपद राइस असतानाचं, आणि या दोघांच्या जोडीनं ८५ टचडाउन केले. इतकं ऐकून मोंटानाचा पक्ष खूश होतो.

पण १९९७ कडे बघा. पहिल्याच सामन्यात राइसचा गुडघा गेला आणि जवळपास सगळा मोसम तो बाहेर होता. यंग तेव्हा छत्तिशीत. त्या वर्षी त्याचं रेटिंग १०४.७, लीगमध्ये पहिलं, आणि संघानं सोळापैकी तेरा सामने जिंकले. यंगचे आकडे राइसनं घडवले या म्हणण्यात माझ्या मते तथ्य उरत नाही.

नियम बदलले, म्हणून आकडे फुगले?

हा आक्षेप ब्रॉडीच्या बाबतीत शंभर टक्के खरा आहे. त्याचे २१४ टचडाउन पास आणि २२४ इंटरसेप्शन आज भयंकर दिसतात, पण त्याच्या काळात बचावपटू पळणाऱ्या खेळाडूला वाटेत जवळजवळ कुठेही धक्के मारू शकत. १९७८ मध्ये नियम बदलून पहिल्या पाच यार्डांपुढे तसं करायला बंदी आली. मोंटाना १९७९ मध्ये आला, यंग त्याच्यानंतर. दोघंही बदललेल्या नियमांखालीच खेळले, त्यामुळे आपापसांतल्या तुलनेत हा आक्षेप लागू पडत नाही.

पर्डीला मात्र तो लागू पडतो. २०२३ मध्ये त्याचं रेटिंग ११३.० होतं, यंगच्या ११२.८ पेक्षा किंचित वर. एका मोसमातल्या पास-यार्डांचा संघाचा विक्रमही त्यानं ४,२८० यार्डांसह मोडला. पण मधल्या तीस वर्षांत क्वार्टरबॅकला जपणारे नियम वाढत गेले आणि सगळ्या लीगचीच सरासरी वर सरकली. १९९४ मधले ११२.८ आणि आजचे ११३.० यांत मला १९९४ चे भारी वाटतात.

वॉल्शच्या पद्धतीत कुणीही चमकला असता?

पद्धतीचा वाटा मोठा होता यात शंका नाही. पण मोंटानाला १९९३ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सकडे धाडण्यात आलं, कारण कोपराच्या दुखापतीमुळे दोन मोसम जवळपास वाया गेले होते आणि तोवर यंग एमव्हीपी झाला होता. छत्तीस वर्षांचं दुखरं शरीर घेऊन मोंटाना तिथे गेला आणि पहिल्याच वर्षी चीफ्सना सुपर बोलपासून एका सामन्यावर नेऊन ठेवलं. सप्टेंबर १९९४ मध्ये तो यंगच्या फोर्टी-नाइनर्ससमोर उभा राहिला आणि २४-१७ नं जिंकला. यंगनंही त्याच मोसमात शेवटी सुपर बोल जिंकून दाखवला.

दोन असे क्वार्टरबॅक एकाच संघात आज ठेवता येणार नाहीत. १९९४ पासून लीगनं वेतनमर्यादा आणली, म्हणजे सगळ्या खेळाडूंवर मिळून खर्चायच्या रकमेला कमाल हद्द. आज एकट्या क्वार्टरबॅकवर त्यातला मोठा वाटा जातो. फोर्टी-नाइनर्समध्ये हे हिशेब आणि करार वर्षानुवर्षं सांभाळणाऱ्यांचं नाव पराग मराठे. २००१ पासून ते या संघात आहेत.

मग कौल कोणाला?

या एका प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत आणि माणसं एकाचं उत्तर दुसऱ्याला देत बसतात. क्वार्टरबॅकचं काम कुणी जास्त चांगलं केलं, हा एक. संघाच्या इतिहासात सर्वांत मोठी जागा कुणाची, हा दुसरा.

पहिल्याचं माझं उत्तर यंग. तो जास्त अचूक होता, चुका कमी करायचा आणि पळूही शकायचा. शिवाय प्रत्येक पास मोंटानाशी ताडून पाहणाऱ्या गर्दीसमोर तो खेळला. १९९९ मध्ये डोक्याला मार बसून त्याची कारकीर्द थांबली नसती तर आकडे आणखी वाढले असते.

दुसऱ्याचं उत्तर मोंटाना, आणि आपला वाद या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. पस्तीस वर्षं विजेतेपद न मिळालेला, सोळात दोन जिंकणारा संघ त्यानं हातात घेतला आणि दहा वर्षांत चार वेळा विजेता केला. यंगला मिळाला तो जिंकायची सवय लागलेला संघ. ती सवय टिकवणंही अवघड असतं हे नंतरच्या काळानं दाखवलं. यंगच्या १९९५ च्या विजयानंतर कॉलिन केपरनिक, जिमी गारोपोलो आणि पर्डी असे तिघं फोर्टी-नाइनर्सना सुपर बोलपर्यंत घेऊन गेले आणि तिघंही हरले. पर्डीचा सामना तर फेब्रुवारी २०२४ मध्ये जादा वेळेत २२-२५ नं गेला.

पर्डी २०२२ च्या निवडप्रक्रियेत २६२ वा, म्हणजे अगदी शेवटचा निवडलेला खेळाडू. २०२५ मध्ये संघानं त्याच्याशी पाच वर्षांचा साडेसव्वीस कोटी डॉलरचा करार केला. ब्रॉडीच्या पुढे जायला त्याला एक सुपर बोल पुरेल. यंगच्या बरोबरीला यायचं तर एका सुपर बोलसोबत पाच-सहा वर्षं लीगमध्ये पहिलं राहावं लागेल. आणि मोंटानाच्या जागेवर हक्क सांगायला तेवढंही पुरणार नाही, कारण यंगनं नेमकं तेवढंच केलं होतं.